एका कान्याचं अंतर

डॉनकास्टरला, गालिच्यांच्या दुकानाच्या वर,
दर गुरुवारी आपण दोघं.
तीन खुर्च्या, टिश्यूचा डबा,
खिडकीला दुहेरी काच, तरीही
स्टेशनावरची घोषणा पोचते,
शब्द गळून गेलेले, नुसता सूर.
तेव्हा तू बुटांकडे बघतेस. मी तुझ्याकडे.

ग्वेन्डाबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
इथे पेशंट कोणी एकटं नसतं.
मला राग आला होता.
गाडी मी थोडीच चालवत होतो?

त्या दिवसापासून घरात काय बदललं, त्यांनी विचारलं,
आणि मी, शलाका, अभिमानानं सांगत सुटलो:
कुकरची शिट्टी काढून फडताळात ठेवली,
भात पातेल्यात शिजतो, रोज बुडाला लागतो.
बाजारला जाताना फाटक टाळून
नऊ मैलांचा वळसा घेतो,
विचारलंस तर म्हणतो, रस्त्याचं काम चालू आहे.
माझं राखाडी जॅकेट देऊन टाकलं.
तुझ्या आईचा फोन आला की मीच उचलतो:
ड्यूटीवर आहे हो ती.
रात्री तीनला तू ओट्यापाशी उभी असलीस
की मी झोपेचं सोंग घेतो,
तुला अवघडायला नको म्हणून.

बाईंचं पेन थांबलं.
'म्हणजे भीतीला तुम्ही घरजावई करून घेतलंत,'
असं काही त्या म्हणाल्या नाहीत,
त्यांना तो शब्द कुठला ठाऊक!
त्यांचा शब्द वेगळा होता, लांबलचक, इस्त्री केलेला.
जिना उतरताना भाषांतर मी केलं
आणि तू हसलीस.
सतरा महिन्यांनी. जरासंच, नाकातून.

सहाव्या गुरुवारी त्यांनी वही पुढे केली.
मनात सारखं येतं ते वाक्य लिहा,
तुमच्या भाषेत लिहा.
तू लिहिलंस: मी माणूस मारला.
इंग्रजीत सांगितलंस. मग खाली, कुणी न विचारता,
दोन शब्द शेजारी शेजारी:
मरणं. मारणं.
'एवढाच फरक,' म्हणालीस, 'ही एक उभी रेघ.'
बाईंनी त्या कान्यावर बोट ठेवलं.
'आणि ही रेघ कोणी काढली?'

खाली कुणीतरी गालिचा उलगडत होतं,
धप्पकन आवाज आला. तू दचकलीस,
पण थांबली नाहीस.
त्याच्या हातात पिशवी होती, म्हणालीस, भाजीची असावी.
हॉर्न दिला. पूर्ण ब्रेक लावला.
गाडीला थांबायला मैलभर लागतो,
हे तुला ठाऊक होतं, त्यालाही असेल.
थांबली तेव्हा शेजारच्या शेतात मेंढ्या चरत होत्या.
एकीनंही मान वर केली नाही.
त्या मेंढ्यांचा तुला अजून राग येतो.

हे मी पहिल्यांदा ऐकत होतो.
कधी विचारलं नाही, तुला त्रास नको म्हणून.
खोटं. मलाच ऐकायचं नव्हतं.
बाईंसमोर हे म्हणायला मला अजून दोन गुरुवार लागले.

काल गृहपाठ होता.
फडताळातून शिट्टी काढली, तूच पुसलीस,
तूच बसवलीस.
पहिली झाली. तू ओटा धरलास,
आणि तुझा उजवा हात पुढे गेला,
हवेत काहीतरी दाबत राहिला, पूर्ण, शेवटपर्यंत.
माझा हात गॅसच्या बटणाकडे.
'राहू दे,' म्हणालीस.
दुसरी झाली.
तिसरी होईना. वॉशर सुकलेला,
वाफ बाजूनं फुसफुसत बसली.
डाळ जराशी कच्ची राहिली, तशीच खाल्ली आपण.

'वॉशर आणायला हवा,' तू म्हणालीस.
मिळतो तो त्या गुजराती दुकानात.
वाटेत फाटक आहे.
तुला माहीत आहे, मलाही.
रस्त्याच्या कामाचं मी काही बोललो नाही.
तू ताटं विसळत होतीस,
नळ जरा जास्तच मोठा सोडून.